पाऊस पडायच्या आत हात घाला

जुन्या गाड्या : वाचकांचे प्रश्न

या वेळी तीनच पत्रं घेतोय. पहिल्या पत्राला जागा जास्त लागणार आहे, आणि ती द्यायलाच हवी.

प्रश्न : दादा नमस्कार. तुमचं सदर सुरुवातीपासून वाचतो, पण असल्या कारणासाठी लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. मी गुहागर तालुक्यातला, वय 58. मुंबईतली नोकरी संपवून गावी आलो आणि घरामागे चिऱ्याच्या भिंती घालून वर कौलं चढवून गाड्यांसाठी जागा केली. वडिलांची 1958 ची फियाट, आपण जिला डुक्कर फियाट म्हणतो ती, मग अँबॅसेडर मार्क टू, स्टँडर्ड हेरल्ड, महिंद्राची जुनी विलीज जीप, एक येझदी आणि एक लॅम्ब्रेटा. पंचवीस वर्षं लागली हे जमवायला, चोरबाजारात आणि कुर्ल्याच्या भंगार गल्ल्यांत किती रविवार गेले त्याला हिशोब नाही.

एप्रिलच्या शेवटी एका रात्री लाइट गेली होती ती दीडच्या सुमारास आली आणि त्यानंतर थोड्याच वेळात कौलं फटाफट फुटायचा आवाज आला. बाहेर आलो तर आत सगळं पेटलेलं. विहिरीचा पंप चालेना, शेजारी कळश्या बादल्या घेऊन धावले, बंब लांबून यायचा म्हणून दीड तास लागला. लॅम्ब्रेटा दाराजवळ होती ती तेवढी ओढून काढली. वासे जळून कौलांसकट गाड्यांवर पडले. माणसाला कुणाला काही झालं नाही ही देवाची कृपा.

संध्याकाळी पुतण्याने जीपच्या बॅटरीला चार्जर लावला होता. मीच सांगितलं होतं लावायला. घरात कुणी त्याला काही बोललेलं नाही, पण तो आता आमच्या उंबऱ्याला येत नाही. तिसऱ्या दिवशी भंगारवाला आला, सगळ्याचं मिळून एकरकमी द्यायला तयार आहे. मोठे भाऊ म्हणतात देऊन टाक, रोज बघून तुझं जेवण जात नाही. इन्शुरन्स फक्त अँबॅसेडरचा पूर्ण आहे, बाकीच्यांचा थर्ड पार्टी आणि हेरल्डचा तर तोही नाही. आता नेमकं काय करू ते सांगा. काही वाचण्यासारखं असतं का यातून?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मिळाल्या मिळाल्या मी फोन केला होता कारण अंक हातात पडेपर्यंत तीन आठवडे जातात आणि तुमच्याकडे तेवढे दिवस नव्हते. फोनवर तुटक तुटक बोललो ते आता नीट लिहितो, किनाऱ्यावर अशा गाड्या सांभाळणारी अजून बरीच माणसं आहेत, त्यांच्याही कामाला येईल.

आधी माझं सांगतो. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा माझ्या गॅरेजात गिऱ्हाइकांच्या चार आणि माझ्या घरच्या दोन गाड्या होत्या. पाणी ओसरल्यावर गिऱ्हाइकांच्या गाड्यांना लगेच हात घातला, ती जबाबदारी होती. माझ्या स्वतःच्या दोन गाड्यांकडे मात्र मला बघवेना. शटर ओढून ठेवलं, म्हटलं नंतर बघू. पंधरा दिवसांनी उघडलं तर इंजिनात गाळ सुकून दगड झालेला, पिस्टन धरलेले, पत्र्याला आतून गंज चढलेला. गिऱ्हाइकांच्या चारपैकी तीन आजही रस्त्यावर आहेत आणि माझ्या दोन्ही गेल्या. पाण्याने नेलं त्यापेक्षा जास्त त्या पंधरा दिवसांनी नेलं, हे मला अजून सलतं, आणि म्हणूनच तुम्हाला इतक्या घाईने फोन केला.

आगीचंही तसंच असतं. गाडीतल्या वायरींवरचं प्लॅस्टिक म्हणजे पीव्हीसी, ते जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा धूर होतो आणि तो काजळीबरोबर लोखंडावर बसतो. कोरडं असेपर्यंत ती काजळी गप्प असते. ओल लागली की तेच आम्ल होतं. आपल्याकडे मे महिन्यातसुद्धा हवा ओली आणि खारी, आणि जूनच्या पहिल्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला की मग विचारूच नका, आगीतून वाचलेला चांगला पत्रासुद्धा काही दिवसांत लालभडक होतो. म्हणून तुमचा खरा मुदतीचा दिवस म्हणजे पहिला पाऊस.

पण साफ करायला लगेच धावू नका, आधी कागद. पोलिसांचा पंचनामा, बंबवाल्यांचा दाखला, आणि अँबॅसेडरचा इन्शुरन्स आहे म्हणजे कंपनीचा सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत त्या गाडीचा खिळाही हलवायचा नाही. इतर गाड्यांचेही चारी बाजूंनी फोटो, चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर दिसतील असे जवळून फोटो, चार्जर, वायर, मीटर जिथे होतं तिथलेही फोटो. आग विजेमुळे लागली असा संशय असेल तर विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, त्यांचा अहवाल पुढे उपयोगी पडतो. तोपर्यंत फक्त वर ताडपत्री ओढून ठेवा, पण गाडीला चिकटेल अशी नको, खालून वारं खेळलं पाहिजे नाहीतर आत घाम धरतो.

पैशाचं स्पष्टच सांगतो. थर्ड पार्टी पॉलिसीत आपल्या स्वतःच्या गाडीचं जळालेलं काही मिळत नाही, ती दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असते. अँबॅसेडरला मिळेल, पण पॉलिसीवर जी आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, लिहिली असेल तेवढ्याच्या आतलं. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही कंपनी आणि मालक आपसात ठरवतात आणि बहुतेक लोक हप्ता कमी यावा म्हणून ती कमी लावून घेतात, त्याचं दुःख अशा वेळी कळतं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी पूर्ण गेली असं धरते. तेव्हा सांगाडा कुणाकडे राहणार ते आधी विचारा, तुम्हाला तो हवा असेल तर त्याची किंमत वजा करून ठेवून घेता येतो. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तिथे नाही सुटलं तर विमा लोकपाल, तिथे फी नाही.

आता गाड्या. आग किती तापली होती ते गाडी स्वतः सांगते, वाचता आलं पाहिजे. रेडिएटरचं डाखकाम साधारण दोनशे डिग्रीला सुटतं. कार्बोरेटर, पेट्रोल पंप, दाराच्या कड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात, त्या चारशेच्या आसपास वितळतात. अ‍ॅल्युमिनियम साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे कार्बोरेटर ओघळून गेलाय पण गिअरबॉक्सचं अ‍ॅल्युमिनियमचं घर जागच्या जागी आहे असं असेल तर त्या कोपऱ्यात आग या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी होती. आणि जिथे अ‍ॅल्युमिनियमचा गोळा होऊन जमिनीवर पडलाय तिथलं पोलाद तापलेलं असताना निम्मी ताकद घालवून वाकलेलं असू शकतं, तिथलं काही पुन्हा वापरू नका. स्प्रिंगा आणि कमानपाटे तर तापले की त्यांचं पाणी उतरतं, दिसायला ठीक दिसतात पण वजन पडलं की बसतात. ते नवेच घ्यायचे.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून मला जेवढं कळलं ते असं. जीप सर्वात जास्त वाचेल. तिची चॅसिस वेगळी, जाड, बॉडी म्हणजे सपाट पत्रे, आणि विलीजच्या बॉड्या आजही बनतात, हरियाणात मंडी डबवालीला तर तोच मोठा धंदा आहे. इंजिन ओतीव लोखंडाचं आहे. तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी पडलं असेल तर तडा जाऊ शकतो म्हणून उघडून क्रॅक टेस्ट करून घ्या, त्याशिवाय एक रुपयाही पुढे घालू नका. हेरल्डलाही खाली वेगळी चॅसिस आहे, आणि ती गाडी अशी बनवलेली की बॉडीचे भाग बोल्टाने सुटे होतात, त्यामुळे अर्धी वाचवता येईल. पण हेरल्डचे पत्रे मिळवणं फार कठीण झालंय, चॅसिस तेल लावून ठेवून द्या, दोन वर्षांनी बघू. येझदीचं इंजिन काढून उघडा. बाइकचं इंजिन लहान असतं, ओट्यावर घेऊन बसता येतं, हाताला काम मिळतं.

फियाटबद्दल लिहायला मला जड जातंय. तुमच्या वडिलांची ती गाडी मोनोकॉक आहे, म्हणजे तिला वेगळी चॅसिस नाही, पत्र्याचा डबा हाच तिचा सांगाडा. तिच्यावर वासे पडलेत, छप्पर आत बसलंय, दारांच्या कडांना लाटा आल्यात. एकदा त्या पत्र्याने लाट धरली की तो परत ओळीत येत नाही, कितीही चांगला डेंटर असू दे. ती गाडी चालती होणार नाही, भाऊ. कुणी होईल म्हणालं तर त्याचं ऐकू नका. आणि कुणीतरी येऊन असंही सांगेल की दुसरी फियाट आणू, नंबर कापून तिला जोडू. तो गुन्हा आहे, आणि तसंही ती तुमच्या वडिलांची गाडी होणार नाही. इंजिन काढा, 1089 सीसीचा तो छोटा ब्लॉक शाबूत असेल तर साफ करून ठेवा, नंबर प्लेट ठेवा, स्टिअरिंगचा गज ठेवा. बाकीचं जाऊ द्या, पण तुमच्या हाताने सुटं करून जाऊ द्या.

साफसफाईची पद्धत. सर्व्हे झाल्यावर रबरी मोजे घाला, चश्मा घाला, तोंडाला चांगला मास्क. जुन्या ब्रेक लायनरमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, तिथे कंप्रेसरची हवा मारू नका, फुंकर नको, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. रिस्टोर करताना नव्या ऑइल सील बसवल्या असतील तर त्यातल्या काही रबरांचा जळून काळा चिकट गाळ होतो, त्याला उघडा हात अजिबात लावायचा नाही, त्यात हाडापर्यंत जाणारं आम्ल असू शकतं. मग धुण्याच्या सोड्याचं पाणी करून काजळी धुवा, वरून गोडं पाणी, आणि इथे लक्ष द्या, तुमची विहीर समुद्राकडची असेल आणि पाणी जरा जरी मचूळ लागत असेल तर ते वापरू नका, टँकर मागवा. उन्हात पूर्ण सुकवा, मेचं ऊन आहे त्याचा तेवढा तरी फायदा. सुकलं की त्याच दिवशी डिझेलमध्ये जुनं इंजिन ऑइल मिसळून ब्रशने सगळीकडे मारा. दुसऱ्या दिवसावर टाकू नका, आपल्या हवेत एका रात्रीत पिवळा थर येतो. इंजिनाची प्लगची भोकं उघडून आत तेल सोडा आणि फिरतंय का बघा, जबरदस्ती नको, रोज थोडं.

आरटीओचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने 14 दिवसांत किंवा जमेल तितक्या लवकर आरसीसकट कळवायचं असतं. ते फियाटसाठी करा, आणि अँबॅसेडरची कंपनीने पूर्ण गेली म्हणून नोंद केली तर तिच्यासाठी. जीप आणि हेरल्डची नोंदणी मात्र घाईत रद्द करून बसू नका, ज्या गाड्या पुन्हा उभ्या करायच्यात त्यांचे कागद जिवंत राहू द्या. भंगारवाल्याला एकगठ्ठा विकू नका, त्याचं कारण असं. चॅसिस नंबरचा तुकडा आणि आरसी जर कुणाच्या हाती एकत्र गेली तर ती चोरीच्या गाडीला चिकटवली जाते आणि पोलीस तुमच्या दारात येतात. जे द्यायचं ते सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या, पावती आणि सर्टिफिकेट घ्या.

सगळं एकदम वाचवायला जाऊ नका. इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ नॅशनल मोटरसायकल म्युझियम आहे, तिथे सप्टेंबर 2003 मध्ये विझवलेली नाही अशा एका सिगरेटमुळे आग लागली आणि साधारण 380 मोटरसायकली जळाल्या. ते पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा उघडलं, जळलेल्यांपैकी कितीतरी गाड्या त्यांनी परत बांधल्या, पण त्यांच्याकडे माणसं होती, पैसा होता, इन्शुरन्स होता. तुमच्याकडे एक शेड आहे आणि ती पण जळलेली. म्हणून एक जीप. यंदाच्या पावसाळ्यात फक्त जीप, बाकी सगळं तेल लावून कोरड्यात.

शेवटी पुतण्या. तुम्ही लिहिलंत की घरात कुणी त्याला काही बोललेलं नाही. मला वाटतं नेमकं हेच त्याला जाळतंय. बघा, साध्या जुन्या चार्जरला आपोआप बंद व्हायची सोय नसते, बॅटरी भरली तरी तो करंट ढकलत राहतो आणि बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हवेत चार टक्के झाला तरी पेट घेतो. लाइट परत येताना दाब वरखाली झाला तर चार्जर स्वतःच जळू शकतो. पण तेवढ्याने शेड जात नाही. फोनवर मी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत की मागच्या भिंतीला पेट्रोलचे दोन कॅन होते आणि माळ्यावर पेंढा भरलेला होता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड, ती वर जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखी सरपटते आणि ठिणगी शोधते. कॅन तुम्ही ठेवलेत, पेंढा घरातल्यांनी ठेवला, चार्जर तुम्ही सांगितलात म्हणून त्याने लावला, आणि माळ्यावर काय भरलंय ते त्या पोराला बघायला कुणीच सांगितलं नव्हतं. हे सगळं त्याला समोर बसवून तोंडाने सांगा. तुझी चूक नाही एवढं म्हणून सोडलंत तर त्याचा विश्वास बसणार नाही, कॅन मी ठेवले होते हे तुमच्या तोंडून ऐकलं तर बसेल. आणि जीपचं इंजिन उतरवायचं त्या दिवशी त्याला बोलवा. चेनपुली धरायला माणूस लागतोच. ब्लॉक तपासायला चिपळूणला आणाल तेव्हा दोघं या, जेवायला आमच्याकडेच.

प्रश्न : आमचं देवगडजवळ गाव. यजमानांकडे एक प्रीमियर पद्मिनी आणि दोन जुन्या स्कूटर आहेत, सगळं मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या कोठारात असतं, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच मांगरात आंब्याची अढी पण असते. मला भीती वाटते पण ते म्हणतात इतकी वर्षं काही झालं नाही. तुम्ही त्यांना काय सांगाल? (एक गृहिणी)

उत्तर : वहिनी, वरचं पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. अढीचा पेंढा, लाकडी खोके आणि पेट्रोलची टाकी एका छपराखाली, याच्याइतकी वाईट सोबत मला सुचत नाही. दोन महिने गाड्या बाहेर काढा, झावळ्यांचा मांडव नको, पत्र्याची साधी शेड पुरते.

पद्मिनीबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो, ती बऱ्याच जणांच्या लक्षात आलेली नाही. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्याच नव्हत्या, त्या आधी फुगतात, मग मऊ पडतात, मग क्लिपजवळ बारीक चिरतात. गाडी उभी असतानाच थेंब थेंब गळायला लागतं आणि वास आला तरी जुन्या गाडीला वास येतोच म्हणून आपण सोडून देतो. यजमानांना सांगा की टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घेऊन बदला, क्लिपा बदला. फार खर्चाचं काम नाही. इथेनॉल ओल ओढतं हेही आहेच, पावसाळाभर अर्धी टाकी ठेवली तर तळाला पाणी धरून टाकी आतून गंजते.

गाडी आठवडाभर चालणार नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवायची, पान्याने दोन मिनिटांचं काम. उंदीर वायरी कुरतडतात आणि मांगरात उंदीर नाहीत असं कोकणात कुणी म्हणू नये. चार्जर लावायचा तर दिवसा, बाहेर ओट्यावर, घरात माणूस जागं असताना, आणि आपोआप बंद होणारा. अळशीच्या तेलाने किंवा वॉर्निशने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, ती काडी न लावता आपोआप तापून पेट घेतात. उन्हात पसरून सुकवा नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

आणि एक सहा किलोचा एबीसी पावडरवाला फायर एक्स्टिंग्विशर घ्या. तो मांगराच्या आत मागच्या भिंतीला लावायचा नाही, आत पेटलं तर तिथपर्यंत जाणार कोण. दाराबाहेर, हाताला येईल असा. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी टाकायचं नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग सगळीकडे पसरते. बोनेटमधून धूर आला तर बोनेट सताड उघडू नका, हवा मिळाली की भडका होतो, फटीतून पावडर मारायची. हे सगळं तुम्हालाही करता आलं पाहिजे, वहिनी, यजमान बाजारात गेलेले असतात तेव्हा घरात तुम्हीच असता. एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते महिन्यातून एकदा बघा.

प्रश्न : अलिबागला आजोबांची 1960 च्या दशकातली गाडी आहे. व्हिंटेज नंबर घ्यावा का? इन्शुरन्सला फायदा होतो का?

उत्तर : 2021 च्या नियमाप्रमाणे 50 वर्षांवरची दुचाकी किंवा चारचाकी, जिची चॅसिस, बॉडी आणि इंजिन मुळातून बदललेलं नाही, तिला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये, दहा वर्षं चालते, पुढच्या वेळी 5,000. पण मग गाडी रोजच्या वापराला चालत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, अभ्यास, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरती रस्त्यावर. तुम्ही गाडी बाजाराला नेत असाल तर घेऊ नका. इन्शुरन्ससाठी नंबरापेक्षा किंमत महत्त्वाची. मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून किंमत काढून घ्या, फोटो आणि खर्चाची बिलं जोडा, आणि ठरलेल्या किमतीची पॉलिसी देता का असं कंपनीला लेखी विचारा. ती बिलं आणि आरसीची एक प्रत गाडीच्या डॅशबोर्डात ठेवू नका, घरात पण नको, दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. माझी सगळी फाइल गॅरेजातच होती.